पान तीनशे अकरा

वाहरूदादाचा पाडा, धडगावच्या वर
१९ जानेवारी २०२५

संध्याताई,

पाच महिन्यांनी पत्र लिहितोय आणि तेही काम पडलं म्हणून, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणून टाकतो. इथं फोनला रेंज यायला टेकडी चढावी लागते, आणि चढून फक्त 'हॅलो, हॅलो' होतं. म्हणून करमसिंगच्या जीपमधून पाठवतोय. तो धडगाव-शहादा फेरी मारतो, पत्र काचेवरच्या ऊन अडवायच्या फळीत खोचतो आणि लोणखेड्याला तुझ्या कॉलेजच्या गेटवर देतो म्हणालाय. त्याच फळीत त्याचा कंगवा पण असतो. पत्राला तेल लागलं तर माझं नाही.

परवा मला अशी शिसारी आली की दोन दिवस भाकर गोड लागेना. सांगतो.

दिवाळीपासून मी वाहरूदादाकडं राहतोय. साठीचा माणूस, पावरा आदिवासी, बायको रमिलाबाई. तोरणमाळला मी पर्यटकांना वाटा दाखवत होतो तेव्हा ओळख झाली. त्याचं नाल्याच्या वरच्या अंगाला अडीच एकर शेत आहे. बापापासून कसतोय, पण जमीन जंगलाची, नावावर नाही. वनहक्काचा दावा टाकलाय. दाव्याला दोन पुरावे लागतात. एक म्हाताऱ्यांचा जबाब, तो झाला. दुसरा म्हणजे जंगलखात्याच्या दंडाची जुनी पावती. ती रमिलाबाईनं कुडाच्या भिंतीत खोचून ठेवली होती, उंदरांनी खाल्ली. ती म्हणते, पावती खाल्ली तो उंदीर पण मी मारला, पण साहेब उंदीर घेईल का.

तर पुरावा मी शोधला. मी. बी.ए. अर्धवट सोडलेल्यानं. तोरणमाळला एका फोटोवाल्या पाहुण्यानं त्याचा जुना ई-बुक रीडर मला देऊन टाकला होता, कोपऱ्यात चरा गेलेला. त्याचं चार्जिंग तीन-तीन आठवडे जातं आणि भर उन्हात अक्षर दिसतं, म्हणून इथं चालतो. त्यात मी सातपुड्यावरची मिळतील ती पुस्तकं भरून घेतली होती. त्यातल्या एकात, १९७९ साली एका पाहणीवाल्या माणसानं लिहिलेल्या, वाहरूदादाच्या बापाचं नाव निघालं. जामसिंग. शेतासकट, नाल्यासकट. मी एवढ्या जोरात ओरडलो की शेळ्या पळाल्या, आणि त्यातली एक अजून जामसिंगच्याच, म्हणजे दुसऱ्या जामसिंगच्या, शेजारच्या, शेतात सापडते रोज. असो.

अर्जात मी लिहिलं, पान क्रमांक ३११. पडद्याच्या खाली तोच आकडा होता. परवा वनहक्काच्या कचेरीत बाबूनं कपाटातून छापील पुस्तक काढलं, शेवटचं पान उलटलं आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "पुस्तक दोनशे अडुसष्ट पानांचं. तीनशे अकरावं काय घरी छापलं?" लोक हसले. तिथंच भिंतीवर गुटख्याच्या पिचकाऱ्या, त्यांचा तो गोड सडका वास, आणि वाहरूदादा पण हसला, कारण सगळे हसले. शिसारी आली ती त्याची. अर्जावर 'पुरावा आढळत नाही' असा शेरा. ४ मार्चला शेवटची सुनावणी. त्यात नाही दाखवलं तर दावा निकाली.

तुझ्या लायब्ररीत ते पुस्तक असेल. खरं पान सांग. आप्पांना यातलं काही सांगू नको.

तुझा
पवन


लोणखेडा
२५ जानेवारी २०२५

चि. पवन,

पत्राला तेल लागलं होतं. कंगव्याचे दोन केसही आले. परत देऊ का विचारून ठेव.

पुस्तक आहे. तिसऱ्या कपाटात, सर्वांत खाली, २००६ नंतर कोणी नेलेलं नाही. पानं २६८ च. तुमचा बाबू कसाही बोलला असेल, त्यानं केलं ते बरोबर केलं. सांगितलेलं पान नसेल तर तो तरी काय उघडणार?

शेवटी सूची नाही. 'जामसिंग' म्हणून शोधायला मला छापील पुस्तकात कुठलं बटण दाबता येत नाही. सोमवारपासून आमच्याकडं तपासणी आहे, सगळी पुस्तकं मोजायची आहेत. दोनशे अडुसष्ट पानं बारीक टाइपात वाचत बसायला मला आठवडे लागतील. तू रीडर नीट बघ आणि नीट आकडा कळव.

तुझे आप्पा, भाईदास काका, परवा कळसाडीहून ऊस तोडणीच्या गडबडीतून वेळ काढून आले होते. विचारत होते, "काय करी ऱ्हायना तो पोऱ्या डोंगरमा?" मी म्हटलं, वाचतोय. त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "मन्हा पोऱ्या?" जाताना चहा मात्र पूर्ण पिऊन गेले.

संध्या


पाडा
१ फेब्रुवारी

ताई,

आता ऐक. मला हे यंत्र दगडावर आपटावंसं वाटतंय.

तुझं पत्र आल्यावर मी तीच जागा उघडली. तेच वाक्य, तोच जामसिंग. खाली आकडा १७४. परत मागं गेलो, पुढं आलो, १७४. मला वाटलं मला ऊन लागलं. मग वाहरूदादाला म्हटलं, दादा, तुमच्या बापाचं पान हललं. तो म्हणाला, बाप पण एका जागी कधी बसला नाही.

मग कळलं. तो अर्ज भरायच्या दिवशी मी अक्षरं मोठी केली होती. त्याला वाचता येत नाही, पण त्याला बापाचं नाव बघायचं होतं. बारीक अक्षर दाखवलं तर म्हणाला, ही मुंगी, बाप एवढा नव्हता. मग मी अक्षर वाढवत गेलो, वाढवत गेलो, शेवटच्या मापापर्यंत. मक्याच्या दाण्याएवढं झालं तेव्हा त्यानं नावावरून बोट फिरवलं. रमिलाबाई दर वेळी वाचायच्या आधी रीडर पदरानं पुसून देते, त्या दिवशी दोनदा पुसला. तर त्या मोठ्या अक्षरात ते पान ३११ होतं. नंतर मी अक्षर पूर्वीसारखं केलं होतं, म्हणून आता १७४.

म्हणजे हा आकडा पुस्तकाचा नाहीच. मग कशाचा आहे? पान म्हणून छापतात कशाला? फसवणूक आहे ही सरळ. भाजीवाल्याचं वजन असं बदललं तर आपण गाडी उलटी करू. धडगावच्या बाजारात एकदा मी पाहिलंय, एका बाईनं तराजूवाल्याच्या डोक्यात भोपळा घातला होता. भोपळा फुटला नाही हे विशेष.

तरी १७४ बघ. ते २६८ च्या आत तरी आहे.

वाहरूदादानं मला एक विचारलं. मराठीत लिहितोय, तो पावरीत बोलला. "माझ्या शेताला नंबर आहे?" नाही. "मग मी रोज जातो ते कसं?" मी म्हटलं, तुम्हाला माहीत आहे. तो म्हणाला, "मोहाच्या खालून निघायचं. काळा खडक डाव्या हाताला. मग नाला. नाल्याच्या वर मी. तुझ्या साहेबाला असं सांग, वर काय लिहिलंय, खाली काय लिहिलंय. मधे बाप."

हसू नको. मला पटलं ते.

पवन


लोणखेडा
८ फेब्रुवारी

पवन,

१७४ व्या पानावर तापीतल्या माशांची यादी आहे. वाम, कतला, आणखी सात.

मी हसले नाही. उलट, तपासणीच्या धांदलीत मी यावर तीन दुपारी घालवल्या, ते का ते मलाच माहीत नाही. तुझं पुस्तक मला मिळालं नाही, म्हणून दुसरंच एक माझ्या फोनवर उतरवलं. त्यातलं एक वाक्य छापील प्रतीत १३० वर आहे, फोनवर २३० वर निघालं. आमच्या शीला मॅडमकडं दुसऱ्या जातीचा रीडर आहे, त्यात पानाचा आकडाच नाही, 'ठिकाण' म्हणून दोन हजारांच्या पुढचा आकडा येतो. अक्षर लहान-मोठं करून पाहिलं, तो मात्र हलला नाही.

तर तुला समजेल असं सांगते. ई-बुकात पानं नसतातच. सगळा मजकूर एक लांबच लांब ओळ म्हणून असतो, पोत्यातल्या धान्यासारखा. तुझा रीडर ते लोट्यानं मोजतो. एक पडदा म्हणजे एक लोटा. अक्षर मोठं केलंस की लोट्यात दाणे कमी मावतात, मग लोटे जास्त होतात. धान्य तेवढंच. तो लोट्यांची संख्या सांगतो आणि तुम्ही तिला पान समजता. मॅडमचा रीडर दाणे मोजतो, म्हणून त्याचा आकडा स्थिर, पण तो छापील पुस्तकावर कुठंच नाही. काही प्रकाशक छापील पानांचे आकडे ई-बुकात आतून खुणा करून घालतात. तसं असतं तर तुझं काम एका मिनिटात झालं असतं. पण तुझं पुस्तक कोणीतरी जुन्या प्रतीचे फोटो काढून, त्यातली अक्षरं उपसून बनवलेलं दिसतंय. खुणा कोण घालणार?

यात फसवणूक कोणाची नाही. आकडा कशाचा आहे हे न विचारता तो सरकारी अर्जात लिहिणं, याला मात्र नाव आहे, आणि ते मी पत्रात लिहीत नाही.

आता काम. आकड्याच्या पुढं एकूण किती असतं तेही दिसतं ना? तो दुसरा आकडा कळव, दोन्ही मापांचा. आणि वाहरूदादा म्हणतात तसंच कर. त्या वाक्याच्या वर काय, खाली काय, शब्द न शब्द उतरवून पाठव. तुझ्यापेक्षा त्यांना ग्रंथालयशास्त्र जास्त कळतं.

संध्या


पाडा
१४ फेब्रुवारी

ताई,

मोठ्या अक्षरात ८५९ पैकी ३११. लहानात ४८१ पैकी १७४.

चतुःसीमा अशी. प्रकरण 'शेती आणि वनोपज'. वरच्या बाजूस, 'नाल्याच्या वरच्या अंगाला जामसिंग याचे सुमारे अडीच एकरांचे शेत आहे. त्यात ज्वारी व भगर उभी होती.' खालच्या बाजूस, 'शेताची राखण तो स्वतः करतो, व त्याच्या बापानेही केली असे सांगतो.' त्याच्या खाली मोहाच्या फुलांचा मजकूर सुरू होतो. एवढ्यावर सापडेल.

इथं थंडी अजून आहे. लोक गुजरातेतल्या तोडणीवरून अजून परतले नाहीत, पाड्यात म्हातारी आणि शेळ्या. होळीला सगळे येतील, होळीआधीचा भोंगऱ्याचा बाजार भरेल, तेव्हा बघ. मी ढोल शिकतोय. वाजवायचा नाही, नुसता धरायचा, धरायलाच महिना लागतो म्हणे. वाहरूदादाला ते पान रोज ऐकायचं असतं. रोज. सकाळी कोवळ्या उन्हात बसतो आणि सांगतो, बापाचं वाच. रमिलाबाई पुसते, मी वाचतो. एका वाक्यावर तो हात वर करतो आणि मी ते परत वाचतो.

लवकर कर. तीन आठवडे पण नाहीत.

पवन


लोणखेडा
२० फेब्रुवारी

पवन,

सापडलं. ३११ ला ८५९ नं भाग, १७४ ला ४८१ नं भाग, दोन्हीकडं शंभरात छत्तीसच येतात. २६८ चे छत्तीस टक्के काढले आणि नव्वदपासून वाचायला घेतलं. पान ९७, खालचा भाग. अक्षर बदललं तरी धान्य कितव्या हिश्शाला आहे ते बदलत नाही. हे मला आधीच सुचायला हवं होतं.

पण तू मला चतुःसीमा दिलीस आणि मधलं कुंपण काढून घेतलंस.

'ज्वारी व भगर उभी होती' आणि 'शेताची राखण' ही वाक्यं लागून नाहीत. मधे आणखी तीन आहेत. उतरवते, म्हणजे तुला विसर पडायला नको. 'जामसिंग जवळ आला तेव्हा त्याच्या अंगाला जनावरासारखा वास येत होता. आठ दिवस अंगाला पाणी लागले नसावे. या लोकांना घाणीची किळस वाटत नाही, असे माझे निरीक्षण आहे.'

मी पुस्तक मिटून बाहेर जाऊन हात धुऊन आले. कपाटात कसलं कसलं जपून ठेवतो आपण, आणि वर्षाकाठी झुरळांचं औषधही मारतो त्याला.

आता मला सरळ सांग. वाहरूदादा रोज ते पान ऐकतात म्हणतोस, तर हे तू वाचतोस? आणि ते हात वर करतात ते कुठल्या वाक्यावर? मला तर आता असंही वाटतंय की ३११ हा घोळ नव्हताच. कोणाला ते पान सापडू नये म्हणून तू मुद्दाम मोठ्या अक्षराचा आकडा दिलास. तसं असेल तर माझ्या तीन दुपारी आणि त्या माणसाची जमीन, दोन्हींशी खेळलास.

पान ९७ ची झेरॉक्स सोबत आहे. ग्रंथालयाचा शिक्का आणि प्राचार्यांची सही घेतली आहे.

संध्या


पाडा
२४ फेब्रुवारी

ताई,

३११ खोटं नव्हतं. आईशपथ. ते मी खरं समजूनच लिहिलं.

पण बाबू हसला आणि पान नाही म्हणाला, तेव्हा शरमेच्या खालून मला बरं वाटलं. हे मी आजवर स्वतःला पण सांगितलं नव्हतं. बरं झालं, आता ते कोणी मोठ्यानं वाचणार नाही, असं वाटलं. जमीन जात होती आणि मला बरं वाटत होतं. आता माझीच मला शिसारी येते.

पहिल्या दिवशी मी वाचत वाचत तिथपर्यंत आलो. वाहरूदादा समोर, रमिलाबाई समोर, तिनं पदरानं पुसल्याची ओल पडद्यावर अजून होती. 'जामसिंग जवळ आला' एवढं तोंडातून गेलं आणि पुढचं दिसलं. थांबलो असतो तर कळलं असतं. मग मी म्हणून टाकलं, 'आणि त्याने पाहुण्याला पाणी दिले.' कुठून आलं माहीत नाही. त्याच वाक्याला तो हात वर करतो. "परत," म्हणतो. मी परत म्हणतो. आता तर मला ते पुस्तकातलं आहे असंच वाटतं. परवा तो शेजारच्या जामसिंगला सांगत होता की बापाचं नाव सरकारी पुस्तकात आहे आणि पाणी दिल्याचं पण आहे.

आणि मला राग कशाचा येतो सांगू? तो लिहिणारा यांच्याकडं जेवला असणार. इथं कोणी न जेवता जातच नाही, मी प्रयत्न करून पाहिलाय. जेवला, ज्वारी मोजली, आणि वास लिहून गेला. त्याच्या शर्टाला काय अत्तर होतं का घाट चढून आल्यावर? करमसिंगच्या जीपमधे भरउन्हात चौदा माणसं बसली की मी, तू, कलेक्टर, सगळे एकच वास मारतो.

एक काम कर. दुसरी झेरॉक्स काढ. काढताना त्या तीन ओळींवर कोऱ्या कागदाची पट्टी ठेव. वरचं शेत येतं, खालची राखण येते, तेवढं पुराव्याला पुरे. कोणाचं नुकसान आहे त्यात?

पवन


लोणखेडा
२७ फेब्रुवारी

पवन,

पट्टी ठेवणार नाही. ज्या पानावर काही झाकलंय ते पान साहेब पहिलं बाजूला काढेल, आणि काढायलाच हवं. त्यांच्या कपाटात मूळ पुस्तक आहे हे विसरलास. शिक्का माझा आहे, त्याखाली अर्धं पान जाणार नाही.

तू पाणी दिलंस ते चांगल्या मनानं, हे मला दिसतं. पण ते तू दिलंस, जामसिंगनं नाही. ४ तारखेला ते पान कोणीतरी वाचणार. परक्यानं वाचण्याआधी तू घरात वाच. पाच दिवस आहेत. डोंगर हिंडायला जाऊ नकोस, तुझी सवय मला माहीत आहे.

संशयाबद्दल मी चुकले. तेवढंच.

संध्या


पाडा
६ मार्च २०२५

संध्याताई,

मी हिंडायला गेलो. तुला वाटलंच असेल. २८ ला सकाळी उठलो, वाहरूदादा उन्हात येऊन बसला, रमिलाबाईनं पुसलेला रीडर पुढं केला, आणि मी म्हटलं, दादा, तोरणमाळला काम आहे. काम काही नव्हतं. तीन दिवस तळ्याच्या काठावर बसून एका माणसाला दुचाकी दुरुस्त करताना बघितलं. त्याला पाना धरता येत नव्हता. ३ तारखेला अंधार पडायच्या आधी परत आलो आणि लगेच झोपलो.

४ तारखेला करमसिंगच्या जीपनं गेलो. साहेब नवा होता, वाईट नव्हता. त्यानं वाहरूदादाला खुर्ची दिली. झेरॉक्स बघितली, शिक्का बघितला, कपाटातलं पुस्तक मागवून पान ९७ उघडलं आणि ताडून बघत मोठ्यानं वाचायला लागला. खोलीत वीसेक माणसं. आपापल्या दाव्यांची.

नाला आला. अडीच एकर आलं. ज्वारी, भगर. वाहरूदादानं मान हलवली. 'जामसिंग जवळ आला' म्हटलं आणि त्यानं सवयीनं हात वर केला.

साहेब थांबला. पुढची ओळ त्याला दिसली होती, चेहऱ्यावरून कळलं. त्यानं ती मनात वाचली आणि एकदम खालचं 'शेताची राखण' वाचायला घेतलं. मी खुर्चीत मोकळा झालो. पण वाहरूदादा मराठीत म्हणाला, "साहेब, पाण्याचं राहिलं. पाण्याचं वाचा."

साहेब म्हणाला, "पाण्याचं काही नाही बाबा त्यात."

"आहे. रोज ऐकतो मी. याला विचारा."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी फरशीकडं. तिथं कोणीतरी केळ्याचं साल टाकलं होतं, त्याच्यावर माशा. साहेबाला काय वाटलं कोण जाणे, कदाचित म्हातारा ऐकत नाही म्हणून, त्यानं मग वाचलं. वास, जनावर, आठ दिवस पाणी लागले नसावे, घाण, किळस, निरीक्षण. सपाट आवाजात, नोटीस वाचतात तसं. मागं एकजण हसायला लागला आणि अर्ध्यातच थांबला.

वाहरूदादानं हात खाली घेतला. मग पावरीत बोलला आणि मला म्हणाला, सांग साहेबाला. मी सांगितलं.

"त्या माणसाला माझ्या बापाचा वास आला. म्हणजे तो बापाच्या हाताच्या अंतरावर उभा होता. बाप कुठं उभा होता ते वर लिहिलंय. लिहून घ्या."

साहेबानं पेन उचललं. त्यानं काय लिहिलं ते मी नंतर वाचलं. 'पृष्ठ ९७. लेखकाने दावेदाराच्या वडिलांस सदर शेतात प्रत्यक्ष पाहिल्याचे दिसते. पुरावा ग्राह्य. शिफारशीसह वरिष्ठ समितीकडे.' अजून वरची समिती आहे, पण करमसिंग म्हणतो की शिफारस असली की सहसा अडत नाही, आणि त्यानं बरीच माणसं आणली-नेलीत.

येताना घाटात वाहरूदादा पुढं बसला, मी मागं. करमसिंगनं गाणं लावलं आणि एका वळणानंतर स्वतःच बंद केलं. पाड्यावर उतरलो, चालत निघालो, तेव्हा तो थांबला.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"त्याला वास आला, त्यानं लिहिला. तू झाकलास. मग किळस जास्त कोणाला आली?"

ताई, मी दीड दिवस याचं उत्तर शोधतोय. मी त्याच्याच ताटात जेवतो, त्याच्याच गोधडीत झोपतो, आणि मला वाटत होतं की किळस मला त्या लिहिणाऱ्याची आली. पण झाकावंसं वाटलं, म्हणजे कुठंतरी मलाही ते झाकण्यासारखंच वाटलं होतं. दुसरं काय?

मी काल सकाळी पिशवी भरली. निघायचंच होतं, कुठं ते ठरलं नव्हतं. बाहेर आलो तर तो नेहमीच्या जागी उन्हात बसलेला. रमिलाबाईनं रीडर पुसला आणि माझ्यापुढं धरला. तिला रात्री त्यानं सगळं सांगितलं असणार, तिचे डोळे तसे होते.

"बापाचं वाच," तो म्हणाला. "अक्षर मोठं कर."

मी केलं, शेवटच्या मापापर्यंत. खाली ३११ आलं. वाचलं. या वेळी सगळं. वास वाचला, आठ दिवस वाचले, किळस वाचली. त्यानं हात वर केला नाही. रमिलाबाई चुलीकडं बघत होती. राखणीचं वाक्य संपलं, मोहाची फुलं सुरू झाली, तेव्हा मी थांबलो.

"आता ते तुझं म्हण. पाण्याचं."

मी म्हटलं, "दादा, ते पुस्तकात नाही."

"माहीत आहे. पण बाप द्यायचा."

मी रीडर खाली ठेवला आणि म्हटलं.

पवन